कमी औषधांचे आयव्हीएफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयव्हीएफचा, म्हणजे बीज शरीराबाहेर प्रयोगशाळेत फलित करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराचा, सल्ला मिळालेल्या जोडप्याच्या हातात इंजेक्शनांची यादी आणि खर्चाचा अंदाज एकदमच पडतो, आणि मग ‘याहून कमी औषधांत हे होणार नाही का?’ हा प्रश्न साहजिकच मनात येतो. प्रश्न अगदी रास्त आहे. काही स्त्रियांसाठी कमी औषधांचा मार्ग सर्वांत योग्य असतो आणि काहींचे त्यात मोलाचे महिने वाया जातात, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपण कोणत्या गटात मोडतो याचा अंदाज यावा आणि डॉक्टरांशी नेमकेपणाने बोलता यावे, यासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. प्रत्यक्ष तपासणीला ती पर्याय नाहीत.

कमी औषधांचे आयव्हीएफ म्हणजे नेमके काय?

दर महिन्याला बीजकोशात अनेक लहान फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढते त्या पाणी भरलेल्या इवल्या पिशव्या, वाढीसाठी तयार असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकावर ती वाढू लागतात, पण काही दिवसांत त्याचे प्रमाण उतरते, एकच फॉलिकल तग धरून मोठे होते आणि बाकीची सुकून जातात. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये हे प्रमाण उतरू दिले जात नाही. रोज साधारण १५० ते ३०० युनिट एफएसएचचे इंजेक्शन सुमारे दहा दिवस दिल्यामुळे त्या महिन्यात सुकून जाणारी फॉलिकलही वाढतात आणि आठ-दहा किंवा त्याहून जास्त बीजे मिळतात.

कमी औषधांच्या उपचारात ठरवूनच कमी बीजांचे लक्ष्य ठेवले जाते. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पूर्ण नैसर्गिक चक्रात बीज वाढवण्यासाठी काहीच दिले जात नाही आणि शरीराने निवडलेले एकच बीज घेतले जाते. सुधारित नैसर्गिक चक्रात बीज वेळेआधी फुटू नये म्हणून शेवटचे दोन-तीन दिवस औषध देतात. सौम्य उत्तेजनात गोळ्या आणि थोडी इंजेक्शने देऊन दोन ते सात बीजे मिळवण्याचा प्रयत्न असतो. हा आकडा २००७ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या व्याख्येतला आहे. ‘मिनी आयव्हीएफ’ या नावाखाली मात्र वेगवेगळी केंद्रे वेगवेगळे उपचार देतात, त्यामुळे नावावर न जाता कोणते औषध, किती युनिट आणि किती दिवस, हे विचारून घ्यावे.

ही पद्धत नवीन आहे का?

नाही, खरे तर तीच आधीची आहे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे जन्मलेली लुईझ ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी नैसर्गिक चक्रातील एकाच बीजापासून झाली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात ‘दुर्गा’ ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तिच्या आईला संप्रेरकांची इंजेक्शने देऊन बीजे मिळवली होती आणि भ्रूण गोठवून ठेवून पुढच्या चक्रात गर्भाशयात सोडला होता. पुढे जगभर जी वाट रूढ झाली ती त्यांनी आधीच चालून दाखवली होती, पण हयातीत त्यांच्या वाट्याला अविश्वासच आला. १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा हिचा जन्म झाला आणि तीच भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी मानली गेली. मुखोपाध्याय यांची टिपणे वाचून, पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे हे पुढे आनंदकुमारांनीच जाहीरपणे मांडले.

ऐंशीच्या दशकात प्रयोगशाळेत बरीचशी भ्रूणे टिकत नसत आणि गोठवण्याची पद्धतही कच्ची होती. त्यामुळे हाताशी जितकी जास्त बीजे तितके बरे, असा विचार रुजला आणि औषधांचे प्रमाण वाढत गेले. आज झटपट गोठवण्याच्या विट्रिफिकेशन तंत्रामुळे एकेक भ्रूण सुरक्षित ठेवता येतो, म्हणून कमी बीजांच्या उपचाराचा विचार पुन्हा सुरू झाला आहे. जपानमध्ये, विशेषतः टोकियोतील काटो लेडीज क्लिनिकने, गोळ्यांवर आधारलेली ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबवली.

औषधांचे वेळापत्रक प्रत्यक्षात कसे असते?

केंद्रागणिक फरक पडतो, तरी सौम्य उत्तेजनाचे एक चक्र साधारण असे चालते. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून दोन्ही बीजकोशांतील लहान फॉलिकल मोजतात आणि आधीच्या महिन्यातील गाठ राहिलेली नाही याची खात्री करतात. त्याच दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोलची २.५ ते ५ मिलिग्रॅमची किंवा क्लोमिफेनची ५० ते १०० मिलिग्रॅमची गोळी सुरू होते. मध्येच एफएसएचची ७५ ते १५० युनिटची इंजेक्शने जोडली जातात. काही ठिकाणी ती एक दिवसाआड असतात. सर्वांत मोठे फॉलिकल १३-१४ मिलिमीटरचे झाले की बीज वेळेआधी फुटू नये म्हणून सेट्रोरेलिक्सचे ०.२५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन रोज देतात. आघाडीची फॉलिकल १७-१८ मिलिमीटरवर पोहोचली की ‘ट्रिगर’, म्हणजे बीज पूर्ण पिकवणारे शेवटचे इंजेक्शन, दिला जातो आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजे काढली जातात.

ट्रिगरची वेळ हा या उपचारातील सर्वांत नाजूक भाग आहे. बुधवारी सकाळी नऊला बीजे काढायची असतील, तर इंजेक्शन सोमवारी रात्री दहाच्या सुमारास घ्यावे लागते, आणि तेव्हा गल्लीतला दवाखाना बंद असतो. म्हणून पोटाच्या त्वचेखाली स्वतः सुई कशी टोचायची, हे आधीच शिकून घ्यावे. इंजेक्शने फ्रिजमध्ये ठेवायची असतील तर मधल्या कप्प्यात ठेवावीत. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास औषध निकामी होते आणि दारातल्या खणात तापमान सारखे बदलते. नेहमीच्या आयव्हीएफमध्ये दहा-बारा बीजांपैकी काही हुकली तरी काही हाती लागतात, पण दोनच फॉलिकल असताना वेळ चुकली तर अख्खे चक्र हातचे जाते.

यशाचे प्रमाण कमी असते का?

एका चक्राचा हिशेब केला तर होय, आणि हे स्पष्टपणे न सांगणाऱ्या केंद्रापासून सावध राहावे. ब्रिटनमधील चार लाखांहून अधिक चक्रांच्या नोंदी तपासणाऱ्या २०११ मधील अभ्यासात असे दिसले, की ताजा, म्हणजे न गोठवलेला, भ्रूण सोडल्यावर मूल होण्याची शक्यता सुमारे पंधरा बीजांपर्यंत वाढत जाते, पुढे स्थिरावते आणि वीसच्या वर गेल्यावर उलट घटते. नैसर्गिक चक्राची स्थिती सर्वांत अवघड असते. १,८०० चक्रांचा आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून कमी चक्रांत भ्रूण सोडण्यापर्यंत मजल गेली आणि गर्भधारणा टिकण्याचे प्रमाण सुरू केलेल्या चक्रांच्या ७.२ टक्के होते. काही वेळा बीज आधीच फुटलेले असते, काही वेळा फॉलिकलमधून बीज मिळत नाही, तर काही वेळा मिळालेले बीज फलित होत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत पूर्ण नैसर्गिक चक्राचे आयव्हीएफ देऊ नये असे म्हटले, ते याच कारणामुळे.

मात्र जोडप्याला एका चक्राचे नव्हे, तर ठरावीक काळात निरोगी मूल घरी येण्याचे मोल असते. नेदरलँड्समध्ये ३८ वर्षांखालील ४०४ स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला सौम्य उत्तेजन देऊन दर वेळी एकच भ्रूण सोडला, तर दुसऱ्या गटाला नेहमीचे उत्तेजन देऊन दोन भ्रूण सोडले. वर्षभरात पूर्ण दिवसांचे मूल होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ४३.४ टक्के आणि दुसऱ्यात ४४.७ टक्के आले, म्हणजे जवळजवळ सारखेच. जुळ्यांचे प्रमाण मात्र पहिल्या गटात ०.५ टक्के आणि दुसऱ्यात १३.१ टक्के होते. आपल्याकडे ‘एका दमात दोन’ म्हणून जुळ्यांचे स्वागत होते, पण अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजन आणि नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातील आठवडे जुळ्यांमध्येच जास्त असतात. म्हणून त्या अभ्यासातला हाच आकडा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, अर्थात त्यात एकच भ्रूण सोडण्याचाही मोठा वाटा आहे.

औषध कमी दिले की बीजांचा दर्जा सुधारतो, हे खरे आहे का?

ही जाहिरातींत सर्रास आढळणारी अर्धवट गोष्ट आहे. २००७ मधील एका अभ्यासात सौम्य उत्तेजनानंतर गुणसूत्रे योग्य असलेल्या भ्रूणांचे शेकडा प्रमाण जास्त दिसले, पण दर स्त्रीमागे अशा भ्रूणांची सरासरी संख्या दोन्ही गटांत सारखीच, १.८ होती. बीजाचा दर्जा मुख्यतः स्त्रीच्या वयावर ठरतो आणि तो औषध कमी केल्याने बदलत नाही.

जास्त इंजेक्शनांमुळे बीजांचा साठा लवकर संपतो का? पुढे कर्करोग होतो का?

साठा संपत नाही. इंजेक्शनांमुळे वाढणारी फॉलिकल ही त्या महिन्यात एरवी सुकून जाणारीच असतात. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही आणि रजोनिवृत्तीही अलीकडे येत नाही. कर्करोगाविषयी सांगायचे, तर आयव्हीएफच्या औषधांमुळे स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग होतो असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. केवळ या भीतीपोटी कमी औषधांची पद्धत निवडू नये, कारण भीतीने घेतलेल्या या निर्णयाची किंमत वय वाढलेल्या स्त्रीला मोजावी लागते.

मग ही पद्धत कोणासाठी योग्य आहे?

नळ्या बंद असलेल्या, पाळी नियमित असलेल्या आणि वय पस्तिशीच्या आत असलेल्या स्त्रीला सौम्य उत्तेजन चांगले लागू पडते. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षयरोग हे एक मोठे कारण आहे. अशा वेळी आधी क्षयरोगाचा उपचार पूर्ण करून गर्भाशयाचे अस्तर तपासणे गरजेचे असते, कारण अस्तर खराब असेल तर बीजे दोन मिळोत की वीस, भ्रूण रुजत नाही. इस्ट्रोजेन हे संप्रेरक फार वाढू देणे धोक्याचे असलेल्या स्त्रियाही या गटात येतात, उदाहरणार्थ रक्तात गुठळ्या होण्याचा इतिहास असलेल्या. भ्रूण गोठवणे किंवा उरलेले नष्ट करणे ज्यांना मनाला पटत नाही, त्या जोडप्यांनाही ही पद्धत जवळची वाटते, आणि ही अडचण त्यांनी डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी.

कारण न सापडलेल्या वंध्यत्वात घाईने आयव्हीएफकडे जाऊ नये. नेदरलँड्समधील ६०२ जोडप्यांच्या २०१५ मधील अभ्यासात निरोगी एकेरी मूल होण्याचे प्रमाण एकाच भ्रूणाच्या नेहमीच्या आयव्हीएफमध्ये ५२ टक्के, सुधारित नैसर्गिक चक्रात ४३ टक्के आणि औषध देऊन केलेल्या आययूआयमध्ये, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात, ४७ टक्के आले. एवढ्या जवळच्या आकड्यांत आययूआय हाच अनेकांसाठी पहिला शहाणपणाचा टप्पा ठरतो.

माझे एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) खूप कमी आले आहे. मला जास्त औषध लागेल की कमी?

अनेकांना वाटते त्याच्या उलट, साठा कमी असताना औषध वाढवून फारसे काही साधत नाही. सोनोग्राफीत तीनच फॉलिकल दिसत असतील तर ४५० युनिटच्या इंजेक्शनाने त्यांची सहा होत नाहीत. खर्च मात्र वाढतो. म्हणूनच अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेने २०१८ मध्ये बीजकोशांचा प्रतिसाद कमी असलेल्या स्त्रियांसाठी सौम्य उत्तेजनाची शिफारस केली. दोन्ही पद्धतींत यश तितकेच कमी आहे आणि सौम्य पद्धतीत खर्च कमी होतो, हे त्यामागचे कारण आहे.

त्या वाक्यातील ‘तितकेच कमी’ हे शब्द वाचून पुढे जाऊ नये. चाळिशीच्या आसपास एएमएच ०.५ असलेल्या स्त्रीला दोन-तीन महिने सौम्य चक्रे करून भ्रूण साठवण्याचा पर्याय देता येतो, पण कोणत्याही पद्धतीत शक्यता मर्यादितच असते, आणि हे पहिल्याच भेटीत समजणे हा त्या जोडप्याचा हक्क आहे. तीस वर्षांच्या स्त्रीचे एएमएच कमी असेल तर चित्र बरेच आशादायक असते, कारण बीजे थोडी असली तरी ती तरुण असतात.

मला पीसीओएस (बीजकोशात खूप लहान फॉलिकल असून बीज नियमित न फुटण्याचा विकार) आहे. माझ्यासाठी काय बरे?

सर्वप्रथम, पीसीओएस असलेल्या बहुतेक स्त्रियांना सुरुवातीला आयव्हीएफची गरजच नसते. नळ्या मोकळ्या असतील आणि शुक्राणूंची तपासणी ठीक असेल तर लेट्रोझोलच्या गोळ्यांनी बीज तयार करून घरीच प्रयत्न करता येतो. अमेरिकेतील ७५० स्त्रियांच्या २०१४ मधील अभ्यासात पाच चक्रांपर्यंतच्या उपचारात लेट्रोझोलने २७.५ टक्के आणि क्लोमिफेनने १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. भारतात वंध्यत्वासाठी लेट्रोझोलवर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. त्या काळातल्या बातम्या वाचून आजही काही जणी ही गोळी घ्यायला घाबरतात, तशी गरज नाही.

आयव्हीएफ करावेच लागले तर पीसीओएसमध्ये औषधाचे प्रमाण कमी ठेवण्याला खरा अर्थ आहे. या बीजकोशांत फॉलिकल भरपूर असतात आणि थोड्या जास्त मात्रेनेही पंचवीस-तीस वाढू शकतात. मग बीजकोश सुजतात, पोटात पाणी साठते, लघवी कमी होते, रक्त घट्ट होते आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते. ‘ओएचएसएस’ नावाचा हा त्रास टाळण्यासाठी मात्रा कमी ठेवणे, ट्रिगरसाठी नेहमीच्या एचसीजी इंजेक्शनाऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन वापरणे आणि सर्व भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडणे हे तीन उपाय एकत्र करतात. बीजे काढल्यानंतर पोट फुगून कंबरेला कपडे आवळू लागले, रोज किलोभर वजन वाढू लागले किंवा धाप लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता केंद्राला फोन करावा.

याहून कमी औषधांची पद्धत म्हणजे आयव्हीएम, ज्यात कच्ची बीजे काढून प्रयोगशाळेत पिकवतात. व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरातील माय डुक रुग्णालयात ५४६ स्त्रियांवर झालेल्या २०२० मधील अभ्यासात पहिल्यांदा भ्रूण सोडल्यानंतर मूल होण्याचे प्रमाण आयव्हीएममध्ये ३५.२ टक्के आणि नेहमीच्या आयव्हीएफमध्ये ४३.२ टक्के होते. यासाठी अतिशय सरावलेली प्रयोगशाळा लागते, त्यामुळे केंद्राने स्वतः किती आयव्हीएम केले आहे हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

कोणी या पद्धतीच्या मागे लागू नये?

केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी बीजे गोठवायची असतील तर हाती दोन आठवडेच असतात. तेव्हा एका चक्रात जास्तीत जास्त बीजे मिळवावीत. गरज असेल तिथे लेट्रोझोल जोडून इस्ट्रोजेन आटोक्यात ठेवता येते. घराण्यात थॅलेसेमियासारखा आजार असल्याने भ्रूणांची जनुकीय तपासणी करायची असेल तर निवडीसाठी भ्रूणे पुरेशी हवीत. सदतीस-अडतीस वर्षांच्या, साठा चांगला असलेल्या आणि दोन मुले हवी असलेल्या स्त्रीनेही नेहमीच्या पद्धतीचाच विचार करावा, कारण आज गोठवलेला भ्रूण तीन वर्षांनीही आजच्याच वयाचा राहतो.

क्लोमिफेन दिले तर भ्रूण त्याच महिन्यात सोडतात का?

बहुधा नाही. क्लोमिफेनमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ होऊ शकते, म्हणून भ्रूण गोठवून पुढच्या चक्रात सोडणे पसंत करतात. लेट्रोझोलमध्ये ही अडचण कमी येते.

शुक्राणू कमी असतील तर ही पद्धत चालते का?

चालते. मोजकीच बीजे असताना अनेक केंद्रे इक्सी करतात, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडतात. पुरुषाच्या अडचणीसाठी स्त्रीला जास्त औषध द्यावेच लागते असे नाही, मात्र अंडकोषातून शस्त्रक्रियेने शुक्राणू काढायचे असतील तर तेवढ्यासाठी बीजेही पुरेशी असावीत, असे बहुतेक डॉक्टरांना वाटते.

बीजे काढताना भूल द्यावी लागते का?

एक-दोन फॉलिकल असतील तर काही ठिकाणी हलकी गुंगी किंवा फक्त वेदनाशामक देऊन काम होते आणि बाई दोन तासांत घरी जाते. दुखणे सोसण्याची ताकद प्रत्येकीची वेगळी असते. भूल मागण्यात संकोच बाळगू नये.

खर्च खरोखर कमी होतो का?

औषधांचा होतो आणि तो फरक मोठा असतो. पण बीजे काढणे, प्रयोगशाळा, भ्रूण गोठवणे आणि सोडणे हे खर्च दर चक्राला तेवढेच राहतात. तीन सौम्य चक्रांचा एकूण खर्च एका नेहमीच्या चक्रापेक्षा जास्त होऊ शकतो, म्हणून ‘एका चक्राचे पॅकेज’ न विचारता तीन चक्रांचा अंदाज, गोठवण्याचे वार्षिक शुल्क आणि मध्येच चक्र रद्द झाल्यास परत मिळणारी रक्कम लेखी मागावी. जपानमध्ये एप्रिल २०२२ पासून आयव्हीएफ सार्वजनिक आरोग्य विम्यात आले. आपल्याकडे बहुतेक कुटुंबे आजही हा खर्च खिशातूनच करतात. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आणि मुंबईत कामा रुग्णालयात सरकारी सोय सुरू झाली आहे, तिथे चौकशी जरूर करावी.

केंद्र निवडताना कायद्याच्या दृष्टीने काय पाहावे?

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या (एआरटी) २०२१ च्या कायद्यानुसार प्रत्येक आयव्हीएफ केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागावे. उपचारासाठी स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. मुलगा की मुलगी याची निवड करून देतो असे कोणी सुचवले, तर तो गुन्हा आहे आणि तिथून निघून यावे.

आम्ही गावाकडे राहतो, केंद्र शंभर किलोमीटरवर आहे. जमेल का?

सौम्य उत्तेजनात चार-पाच सोनोग्राफी लागतात. त्यांपैकी सुरुवातीच्या एक-दोन तालुक्याच्या ठिकाणी करून अहवाल पाठवता येतात, फक्त केंद्राची त्याला आधी संमती हवी. पूर्ण नैसर्गिक चक्र मात्र लांब राहणाऱ्यांना जड जाते, कारण बीज फुटण्याची वेळ शरीर ठरवते आणि शेवटचे तीन-चार दिवस केंद्राजवळ मुक्कामाला राहावेच लागते. शेतीची कामे, नोकरीतली रजा आणि घरात कोणाला काय सांगायचे, याचा विचार करूनच चक्राचा महिना ठरवावा.

किती प्रयत्नांनंतर पद्धत बदलावी?

हे सुरुवातीलाच ठरवून कागदावर लिहून ठेवावे, असा आमचा आग्रह आहे. प्रत्येक सौम्य चक्र अंगाला हलके असल्याने ‘अजून एकदा’ म्हणणे सोपे जाते आणि बघता बघता वर्ष निघून जाते. वय पस्तिशीच्या आत असेल तर तीन चक्रांनंतर थांबून फेरविचार करणे योग्य होय. वय अडतीसच्या पुढे असेल आणि पहिल्या दोन चक्रांत एकही भ्रूण तयार झाला नसेल, तर तिसरे चक्र सुरू करण्याआधीच डॉक्टरांसोबत बसून नेहमीचे उत्तेजन, दात्या स्त्रीचे बीज किंवा दत्तक या तिन्ही वाटांवर बोलावे, आणि त्या भेटीला पती-पत्नी दोघांनीही हजर असावे.